एकसारखे दोन कॅन

पनवेलजवळच्या कोन गावातल्या आनंदाच्या थोरल्या मुलाचं, केतनचं, लग्न झालं आणि हळदीला तीन गावांची माणसं जेवून गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. मांडव उतरला, भाड्याच्या खुर्च्या टेंपोत चढल्या, आणि लगेच घरातल्या सगळ्यांच्या नजरा धाकट्या मुलीकडे, पूर्वीकडे वळल्या. एक कार्य उरकलं की माणसांना दुसरं दिसायला लागतं, ते काही कुणाला शिकवावं लागत नाही.

पूर्वी दिसायला नीटस, बोलायला चटपटीत, शिकलेली. अडचण एकच होती, तिचं काम. गुराढोरांच्या उपचारांची पदविका घेऊन ती स्कूटरवरून गावोगाव हिंडायची आणि गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायची. गावात त्याला कांडी भरणं म्हणतात. चांगल्या जातीच्या रेड्याचं वीर्य बारीक नळ्यांत भरून नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवून ठेवलेलं असतं. म्हैस माजावर आली की त्यातली एक कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची आणि भरायची. हेच काम पुरुषानं केलं तर लोक त्याला डॉक्टर म्हणतात. मुलगी करते म्हटल्यावर बघायला आलेली मंडळी पोह्यांची बशी हळूच खाली ठेवत.

"लग्नानंतर सोडेल ना ती हे?" प्रत्येक घरातून हाच प्रश्न यायचा.

"नाही," पूर्वी म्हणायची. मग पुढचं बोलणं होतच नसे.

आनंदा गप्प बसायचा. पण त्याची थोरली बहीण हौसा गप्प बसणारी नव्हती. ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर ती माहेरी आली, मिठागरावर राबली आणि त्या कमाईतून तिनं गोठा उभा केला. पूर्वीला म्हशीच्या अंगावर हात टाकायला तिनंच शिकवलं होतं.

"पूर्वे, जो तुज्या कामाला नाक मुरडील, त्याला दूध पन देऊ नको," हौसाआत्या सांगायची. "पानी घालून पन नको."

पूर्वी हसायची. पण रात्री अंथरुणावर पडली की तिला वाटायचं, अशानं आपल्याकडून दूध नेणारा कुणी उरायचाच नाही.

*

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला गॅसचा एक डेपो आहे. नायट्रोजन तिथे भरून मिळतो. श्रावणातली सकाळ होती. ऊन-पावसाचा खेळ चालला होता, ट्रकांच्या ताडपत्र्यांवरून पाणी ठिबकत होतं. डेपोवरच्या बाळूनं पूर्वीच्या कॅनमध्ये पाइप सोडला आणि नेहमीसारखा पांढरा धूर कॅनच्या तोंडातून उतू जाऊन फरशीवर पसरला. बघता बघता घोट्यापर्यंत सगळं पांढरं झालं. जमीन दिसेना, चपला दिसेनात.

तेवढ्यात तिच्या पायावर कुणाचा तरी बूट पडला.

"सॉरी... पाय दिसलाच नाही."

पूर्वीनं मान वर केली. उंच, सडपातळ, चष्म्याच्या काचांवर वाफ धरलेला एक मुलगा कडेवर मूल घ्यावं तसा एक कॅन घेऊन उभा होता.

"दिसत नसेल तर पाय टाकू नये माणसानं," ती म्हणाली.

"मग हलायचंच नाही का?"

"धूर जाईपर्यंत नाही."

तो खरंच हलला नाही. एक पाय किंचित उचललेला, तसाच बगळ्यासारखा उभा राहिला. पूर्वीनं ओठ आवळून धरले, पण हसू कानापर्यंत गेलंच.

धूर विरला तसं त्याचं लक्ष तिच्या कॅनकडे गेलं आणि चेहरा उजळला. "तुम्हीसुद्धा? मला वाटत होतं, पनवेलमध्ये मी एकटाच आहे."

"एकटे म्हणजे?"

"प्रोसेसर गार करणारा."

"काय गार करता?"

मग त्यानं सांगितलं. नाव स्वानंद, राहणार विचुंबे, महापेला कॉम्प्युटरच्या ऑफिसात नोकरी. पण जीव सगळा या छंदात. "प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू म्हणा. कारखान्यानं त्याला एक वेग ठरवून दिलेला असतो. आम्ही त्याला त्याहून जोरात पळवतो. पळवला की तो तापतो. आधी पंखा लावायचा, मग पाणी फिरवायचं, मग सुका बर्फ... आणि त्यानंही भागलं नाही की हा नायट्रोजन. उणे एकशे शहाण्णव."

"आणि एवढा पळून जातो कुठे तो?"

"कुठेच नाही. जागच्या जागी पळतो."

"म्हणजे घाण्याचा बैल."

स्वानंद एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारच्या ट्रकमधला झोपलेला ड्रायव्हर उठून बसला.

"आणि तुम्ही कशासाठी नेता?" त्यानं विचारलं.

आता, पूर्वी काही लाजरी नव्हती. भर पंचायतीसमोर माज, गर्भ, गाभण हे शब्द ती तोंड वर करून बोलायची. पण त्या वेळी तिची जीभ टाळ्याला चिकटली. आतापर्यंत खाली ठेवलेल्या सगळ्या बशा तिच्या डोळ्यांपुढून सरकल्या.

"गार... ठेवायला लागतं," ती म्हणाली.

"लॅबमध्ये असता का?"

"हं."

एवढंच. पण तो 'हं' माशाच्या काट्यासारखा तिच्या घशात अडकून बसला.

स्वानंद गेल्यावर बाळू पाइप गुंडाळत म्हणाला, "ताई, तुमची लॅब चार पायांची हाय, हे सांगायचं राह्यलं वाटतं."

"बाळू, तू पाइप सांभाळ."

"मी पाइपच सांभाळतोय. तुमीच कायतरी सोडलंत हातातलं."

*

नायट्रोजन काही डब्यात साखर ठेवावी तसा राहत नाही, आपोआप उडून जातो. म्हणून दोघांना डेपोवर पुन्हा पुन्हा यावं लागे. आधी योगायोगानं गाठ पडायची. मग तो आदल्या दिवशी फोन करून विचारायला लागला, "उद्या नायट्रोजनचा टँकर आहे म्हणे?" टँकर कधी येतो हे बाळूला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण बाळूला विचारण्यात काय मजा.

गणपती गेले. पितृपक्षात तो मुद्दाम गाडी हळू चालवत तिच्या स्कूटरच्या मागे रोडपालीच्या वळणापर्यंत आला. नवरात्रात तिनं त्याच्यासाठी हौसाआत्याच्या हातची खरवसाची वडी नेली. त्यानं डोळे मिटून खाल्ली.

"लॅबमध्ये असले पदार्थ मिळतात?"

"घरी म्हैस आहे," ती म्हणाली. एवढं तरी खरं बोलता आलं, म्हणून तिला बरं वाटलं.

मग एका रविवारी तो म्हणाला, "घरी या ना. चालू असताना बघा. आई असेल."

विचुंब्याच्या नव्या इमारतींपैकी एकीत चौथ्या मजल्यावर त्यांचं घर. आई आणि मुलगा, दोघंच. आई नीता पोस्टात नोकरीला. चेहऱ्यावर शांत भाव, पण नजर अशी की तिकीट तिरकं लागलेलं लांबूनही दिसावं. त्यांनी कॉफी केली.

स्वानंदच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडाच पसरला होता. मधोमध प्रोसेसरवर तांब्याचं उंच भांडं बसवलं होतं. दव धरून पाणी आत जाऊ नये म्हणून आजूबाजूला व्हॅसलिनचा थर थापलेला होता आणि त्यावर कागदी रुमाल कोंबले होते.

"ह्याला तर बाळंतिणीसारखं गुंडाळलंय," पूर्वी म्हणाली.

"हसा. थर्मासातून भांड्यात ओता बरं जरा. बेतानं, धार तुटू न देता."

तिनं ओतलं. भांड्यातून धूर उसळला, तांब्यावर पांढरं दहिवर चढलं. पडद्यावरचा आकडा वर वर जाऊ लागला. स्वानंदनं आकड्याकडे बघायचं सोडून तिच्या हाताकडे पाहिलं.

"काय स्थिर हात आहे तुमचा. लॅबमध्ये काय करता नेमकं?"

"हेच... काढायचं, ठेवायचं."

"कुठली गं लॅब?" नीताकाकूंनी सहज विचारलं.

"कोनलाच आहे. छोटीशी."

घशातला काटा आणखी खोल गेला. नेमका त्याच वेळी पडदा काळा झाला.

"बिघडला?" पूर्वी घाबरली.

"नाही. फार गार झाला. काही प्रोसेसरना इतकी थंडी सोसत नाही, काम बंद करून बसतात. मग थोडी ऊब द्यावी लागते." त्यानं केस वाळवायचं यंत्र घेतलं आणि भांड्यावर धरलं. "जास्त नाही, थोडीच."

"माणसांसारखंच की मग."

"कुठल्या माणसांसारखं?"

"कॉफी गार होतेय," ती म्हणाली आणि कपात बघत राहिली.

परत निघताना जिन्यात त्यानं सांगितलं. दिवाळीनंतर देशपातळीवरची स्पर्धा होती. प्रत्येकानं आपापल्या घरून, ठरलेल्या वेळी, कॅमेऱ्यासमोर प्रोसेसर पळवून दाखवायचा. पहिल्या येणाऱ्याला बंगलोरच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळणार होती. "वर्षभर तयारी करतोय मी."

"मग जिंकाल," पूर्वी म्हणाली.

"तुम्हाला काय वाटतं, जिंकावं?"

"वर्षभर केलंय ना तुम्ही?"

ती भराभर पायऱ्या उतरली. तो जिंकावा असं तिला मनापासून वाटत होतं. आणि तो कुठे जाऊ नये असंही तितकंच मनापासून वाटत होतं. एका दाव्याला दोन गुरं बांधली की जशी ओढाताण होते तसं तिचं झालं होतं.

*

स्पर्धेचा दिवस कार्तिकातला. नायट्रोजन ताजा हवा म्हणून स्वानंद सकाळीच डेपोवर आला. पूर्वीही आली होती. तिला घाई होती, कारण पहाटे हौसाआत्यानं तिला हलवून उठवलं होतं, "पूर्वे, चंद्री माजावर आलीय. ऊठ."

चंद्री आत्याची लाडकी म्हैस. पण वर्ष झालं, ती गाभण राहत नव्हती. तिचा माज मुका, म्हणजे ओरडत नाही, गोठा डोक्यावर घेत नाही. आत्यासारखी जवळ बसणारी बाई असेल तरच कळायचं. आनंदानं सांगून टाकलं होतं, "बाय, आता या खेपेला नाय राह्यली तर मी व्यापाऱ्याला बोलावनार. भाकड म्हस किती दिस पोसायची?" बहिणीपुढे त्याचं सहसा चालत नसे, पण या वेळी तो हटायला तयार नव्हता.

डेपोवर दोघांचे कॅन शेजारी शेजारी भरले गेले. दोन्ही एकाच मापाचे. कारण दोन्ही पळस्प्याच्या बंद पडलेल्या एकाच डेअरीतून जुने घेतलेले, दोन्हींना गोणपाटाचा अंगरखा. झाकण लावलं की आत काय आहे ते कळायचं नाही. एरवी पूर्वी झाकण उघडून, कांड्यांच्या डब्यांच्या दांड्या मोजून मगच कॅन उचलायची. त्या दिवशी ती कॅनकडे बघत नव्हती.

"जिंकलो तर बंगलोरला जावं लागेल... मला," स्वानंद म्हणाला.

"जा की."

"तिकडे टँकर येतो की नाही कुणास ठाऊक."

"सगळीकडे येतो."

"बाळू नसेल पण."

"बाळूची आठवण येईल तुम्हाला?"

"बाळूची... पण येईल."

त्या 'पण'वर पूर्वी अशी अडखळली की बाळूनं कुठला कॅन कुठल्या स्कूटरवर ठेवला हे तिनं पाहिलंच नाही. पाठीमागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. दोघं निघाली.

*

कोनला गोठ्यात चंद्री बांधलेली होती. आत्यानं कोमट पाणी आणून ठेवलं होतं. पूर्वीनं कॅनचं झाकण काढलं आणि ती तशीच बसून राहिली.

आत धूर होता. बाकी काही नव्हतं. डबे नाहीत, दांड्या नाहीत, कांड्या नाहीत.

"काय गं, साप निगला का आत?" आत्यानं विचारलं.

"आत्या, कॅन बदलला."

"कुनासंगं?"

पूर्वीनं फोन काढला आणि त्याच्या नावावर अंगठा ठेवून थांबली. फोन केला तर आत काय आहे ते सांगावं लागणार. नाही केला तर तो आता कॅन उचलणार आणि ओतणार. वर्षभराच्या कांड्या, गावोगावच्या म्हशी आणि दाव्याला बांधलेली ही चंद्री. एका पारड्यात हे सगळं, आणि दुसऱ्या पारड्यात एक 'हं'.

तिनं फोन लावला.

"पूर्वी, अहो, वेळ व्हायलाच आलीय, मी आता ओतायलाच—"

"ओतू नका. झाकण काढून बघा."

थोडा वेळ नुसता खुडबुडीचा आवाज आला. मग तो म्हणाला, "यात काहीतरी लटकवलंय. रंगीत काड्या आहेत."

"वर काढू नका, आत सोडा. कांड्या आहेत त्या."

"कसल्या?"

पूर्वीनं डोळे मिटले. "रेड्याच्या. म्हशींना भरायच्या. मी तेच काम करते, गावोगाव जाऊन. माझी कसली लॅब नाही, कधीच नव्हती. माझा कॅन तुमच्याकडे आलाय, तुमचा माझ्याकडे. मी मुद्दाम नाही केलं, खरंच. आणि इथे म्हैस माजावर आहे."

पलीकडे झाकण लावल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "अर्धा ओतून घेतला तर?"

"वरच्या कांड्या उघड्या पडतील. मरतील."

"अर्ध्यात माझंही भागणार नाही तसं." मग त्यानं विचारलं, "म्हशीची वेळ किती असते?"

"हिचा भरवसा नाही. दुपारपर्यंत थांबेल, न थांबेल. मी येते तिकडे—"

"तुम्ही कशाला? ती तिथे आहे ना बांधलेली. मी येतो."

"आणि तुमची वेळ?"

पण फोन बंद झाला होता.

पळस्पे फाट्यावर गाड्यांची रांग नेहमीचीच. त्यातून वाट काढत, कॅन दोन्ही पायांत घट्ट धरून, घामाघूम झालेला स्वानंद गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. तोवर पूर्वीनं खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला होता, केस वर बांधले होते आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली होती. मनात ती म्हणत होती, आता बघू दे. एकदाच काय ते बघू दे, आणि जाऊ दे.

हौसाआत्यानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुमी कॅनवाले?"

"हो."

"मग उभं काय राह्यलात? शेपूट धरा."

"कुणाची?"

"माजी न्हवं."

स्वानंदनं शेपूट धरली. आधी दोन बोटांनी, मग आत्यानं डोळे वटारल्यावर दोन्ही हातांनी. पूर्वीनं चिमट्यानं एक कांडी उचलली, झटकन कोमट पाण्यात सोडली.

"म्हणजे तुम्हीही ऊब देता," तो हळूच म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती. डेपोत पहिल्या दिवशी होतं तसलं कुतूहल होतं. "उणे एकशे शहाण्णवातून एकदम कोमट पाण्यात? तडकत नाही?"

"मेहनतीनं शिकलेय."

"आणि जिवंत असतं आत? इतक्या थंडीतून बाहेर येऊनसुद्धा?"

"असतं."

चंद्रीनं एक पाय उचलला. तो मागे सरकला, पण शेपूट सोडली नाही. पूर्वीचं काम झालं. तिनं मोजा उतरवला, हात धुतले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुमची स्पर्धा?"

"वेळ बदलून घेतलीय. संध्याकाळी करणार."

"बरं झालं," ती म्हणाली. तिच्या छातीवरचा दगड थोडा हलला. "मघाशी सांगितलं ना, मी मुद्दाम नाही केलं."

स्वानंद चष्मा पुसत होता. "मुद्दाम केलं असतंत तर मला बरं वाटलं असतं," तो म्हणाला, आणि आपला कॅन उचलून निघाला.

आत्या त्याच्या पाठमोऱ्या स्कूटरकडे बघत होती. "लॅब म्हंजे काय गं, पूर्वे?" तिनं विचारलं. तिनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

"काही नाही, आत्या."

"मना पन तसंच वाटलं. काय नाय ते."

*

एवढं सगळं करून चंद्री उलटली. म्हणजे राहिली नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली. आनंदा ओट्यावर बसून व्यापाऱ्याचा नंबर शोधत होता आणि आत्या त्याच्यापुढे उभी राहून सांगत होती, "आनखी येकदा. येवढा डाव बग." त्याच दिवशी दारात रिक्षा थांबली आणि नीताकाकू उतरल्या.

पूर्वीला स्वानंदचे फोन येत होते, पण स्पर्धेचं विचारलं की तो विषय बदलायचा. आणि आता त्याची आई एकटीच आलेली.

"मला ती म्हैस बघायची आहे," नीताकाकू म्हणाल्या.

"म्हैस?"

"माझा मुलगा ज्याच्यासाठी वर्षभर तयारी करत होता ते सोडून जिची शेपूट धरायला आला, ती म्हैस. बघू तरी."

"सोडून?" पूर्वीनं विचारलं. "वेळ बदलून घेतली होती ना त्यांनी?"

"वेळ बदलत नसते त्यात. हुकली ती हुकली." काकूंनी चंद्रीकडे पाहिलं. चंद्री रवंथ करत होती. "तुला बदलली म्हणून सांगितलं का? बरं. खोटं बोलायला तुम्ही दोघं एकमेकांकडूनच शिकलात की काय?"

पूर्वीनं मान खाली घातली. "लॅबचं मी खोटं सांगितलं, काकू. चुकलं माझं. पण कामाची लाज नाही वाटत मला. लोक उठून जातात त्याची... भीती वाटायला लागली होती."

नीताकाकूंनी पुन्हा एकदा चंद्रीकडे पाहिलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो सगळ्या घरांतून आला होता. "लग्नानंतर सोडणार का हे?"

"नाही," पूर्वी म्हणाली. या वेळी तिचा आवाज कापला, पण शब्द तोच राहिला.

"मी पोस्टात लागले तेव्हा माझ्या सासूनं हेच विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "मीही हेच सांगितलं होतं. मग सहा वर्षं त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मला तेवढा वेळ गप्प बसायला जमायचं नाही." आणि ओट्यावर टेकत म्हणाल्या, "चहा मिळेल का? या तुमच्या दुधाचा."

*

संध्याकाळी पूर्वीनं स्वानंदला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा ती गोठ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"खोटं का बोललात?"

"कोण?"

"वेळ बदलली म्हणून."

"तुम्ही लॅब म्हणालात, मी वेळ म्हणालो. फिटंफाट."

"माझ्या लॅबमुळे कुणाचं नुकसान नाही झालं. तुमचं वर्ष गेलं."

"वर्ष गेलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा असते स्पर्धा. चंद्री उलटली म्हणून तुम्ही काम सोडता का?" तो हसायला गेला, पण हसू जमलं नाही. हातातली किल्ली तो उगाच फिरवत राहिला. "त्या दिवशी मी तो कॅन उचलला होता, पूर्वी. तिरका केला होता. तुमचा फोन आला नसता तर... तेव्हापासून सारखं तेच येतं मनात. हुकलेली स्पर्धा येतच नाही."

वरून हलकी थंडी उतरत होती. द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचा आवाज लांबून समुद्रासारखा येत होता.

"आणि कामाचं?" तिनं विचारलं. "किळस नाही वाटली?"

"मला शेपटीची भीती वाटली, ते खरं सांगतो. बाकी..." तो थांबला. "मी काय करतो? मेलेल्या वस्तूला जोरात पळवतो. तुम्ही थंडीतून जीव परत आणता. मला रोज बघायला आवडेल ते."

"रोज नसतो माज," पूर्वी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी ती हसत होती.

"मग बाकीचे दिवस नुसतं तुम्हाला बघेन."

"तुम्हाला?"

"तुला," स्वानंद म्हणाला.

त्याच्या हातातली फिरती किल्ली तिनं धरली, आणि किल्लीबरोबर त्याचं बोटही. सोडलं नाही.

आतून आत्याचा आवाज आला, "बोलनं झालं असलं तर शेपूट धराला या. चंद्री काय तुमच्यासाटी थांबनार नाय."

या खेपेला त्यानं पहिल्यापासून दोन्ही हातांनी धरली. आणि या खेपेला चंद्री राहिली.

आनंदाला मात्र वळवावं लागलं. "पोरगा चांगला हाय," तो म्हणायचा, "पन आपल्यातला नाय." भाऊबंद काय म्हणतील ही काळजी त्याला खात होती. हौसाआत्यानं एक दिवस त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली.

"आनंदा, आपल्यातले किती आले? पोहे खाल्ले न् गेले. या पोऱ्यानं शेपूट तरी धरली. लाथ बसाची भीती व्हती, तरी सोडली नाय. आनखी काय बगतोस माणसात?"

आनंदानं भाताचा घास तोंडाशी नेला, तसाच धरला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाय, भाऊबंदांना तू सांग मग."

"सांगन की," आत्या म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. घरोघरी जाऊन, दुधाची कासंडी कमरेवर घेऊन, एकेका उंबऱ्यावर बसून सांगितलं. पौषात सगळ्यांना सांगून झालं.

पूर्वी आणि स्वानंदचं लग्न वैशाखात कोनला झालं. हौसाआत्या त्या लग्नाला नव्हती. माघात, रथसप्तमीच्या सकाळी, दूध काढून झाल्यावर ती ओट्यावर टेकली आणि तिथेच गेली.